समोरच्याला पटेल असं बोलायचं कसं? नाशिककर नवशिक्यांसाठी रेटरिकची ओळख

सभा ऐकून घरी येताना कोणीतरी म्हणतंच, “नुसती भाषणबाजी होती, हाती काही लागलं नाही.” रेटरिक हा शब्द आजकाल बातम्यांमध्ये बहुतेक वेळा ह्याच अर्थाने कानावर पडतो, पोकळ, फुगवलेलं, टाळ्या घेणारं बोलणं. शाळेत मराठीच्या तासाला जे शिकवलं ते वेगळं, उपमा, रूपक, अनुप्रास, म्हणजे वाक्य सजवायचं कसं. आणि ह्या दोन्हींच्या आधीचा, सगळ्यात जुना जो अर्थ आहे तोच खरं तर आपल्या रोजच्या उपयोगाचा आहे. ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटलने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात सांगितलं की समोर जो प्रसंग आहे त्यात पटवण्याची कोणकोणती साधनं हाताशी आहेत हे दिसणं म्हणजे रेटरिक. म्हणजे तोंड उघडायच्या आधीचं काम. समोर कोण बसलंय, त्याला कसली भीती आहे, त्याचा विश्वास कशावर बसेल, हे नीट बघितलं की निम्मं काम तिथेच झालेलं असतं असं माझं ठाम मत आहे, आणि हा लेख त्याच बाजूने लिहिलाय.

कोणासाठी आहे हा? कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिल्यांदा नाव दिलंय त्यांच्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बरोबर मुद्दा असून गप्प बसणाऱ्यांसाठी, ग्रामसभेत हात वर करायला कचरणाऱ्या ताईंसाठी, सातपूर-अंबडला कंपनीत साहेबांपुढे एखादा बदल सुचवायचाय अशा पोरांसाठी.

थोडं मागचं

सिसिली बेटावर सिराक्यूज नावाचं ग्रीक शहर होतं. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात तिथल्या हुकूमशहांची सत्ता गेली आणि ज्यांच्या जमिनी बळकावल्या गेल्या होत्या ते लोक त्या परत मागायला कोर्टात उभे राहिले, वकील द्यायची पद्धत नव्हती, ज्याचं त्यानेच बोलायचं. मग बोलायचं कसं हे शिकवणारे पुढे आले, परंपरेने कोरॅक्स आणि टिसियस ही दोन नावं सांगतात. थोडक्यात काय तर ही विद्या जमिनीच्या वादातून जन्माला आली, सातबाऱ्यावरून भाऊबंदकी बघितलेल्या माणसाला तिची गरज वेगळी समजावून सांगायला नको.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोला ही विद्या फारशी आवडायची नाही, लोकांना आवडेल ते बोलून खूश करणं आणि त्यांच्या भल्याचं बोलणं ह्यात तो मोठा फरक करायचा, आणि त्याचा राग अगदीच चुकीचा नव्हता. पण त्याचाच शिष्य अरिस्टॉटल, त्याचं म्हणणं असं की खरं आणि न्याय्य ते मुळातच जास्त दमदार असतं, तरी ते हरलं तर मांडणारा कमी पडला. मला हे फार पटतं. बरोबर मुद्दा असलेला माणूस नीट बोलला नाही म्हणून चुकीचा ठराव पास होतो, हे आपल्या प्रत्येकाच्या बिल्डिंगमध्ये झालेलं असतं.

पुढे रोमन लोकांनी ह्या कामाचे पाच भाग पाडले, तिथला नावाजलेला वक्ता सिसेरो, त्याच्या लिखाणात ते येतात: मुद्दे शोधणं, ते ओळीने लावणं, शब्द निवडणं, लक्षात ठेवणं आणि प्रत्यक्ष बोलणं. बघा, पाचातला बोलण्याचा नंबर शेवटचा आहे.

आता पायऱ्यांकडे येऊ. एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो म्हणजे गोंधळ होणार नाही. धरा, इंदिरानगरमधली २४ फ्लॅटची सोसायटी आहे आणि तुम्हाला कॉमन लाइटबिलासाठी गच्चीवर सोलर पॅनल बसवून घ्यायचेत.

पायरी १: नक्की काय व्हायला हवंय ते एका वाक्यात लिहा

“सोलरबद्दल जागृती करायची आहे” हे काही वाक्य झालं नाही. “यंदाच्या वार्षिक सभेत १० किलोवॉटच्या सोलरसाठी तीन कोटेशन मागवायचा ठराव मंजूर व्हावा” हे वाक्य झालं. आपलं बोलून झालं की समोरच्याने काय करायचं, हात वर करायचा, सही करायची, पैसे द्यायचे, का फक्त विरोध करायचा नाही, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. आणि जमेल तेवढं लहान मागा. पहिल्याच दिवशी लाखोंच्या खर्चाची मंजुरी मागण्यापेक्षा कोटेशन मागवायची मंजुरी मागितली तर नाही म्हणायला कारणच कमी उरतात.

इथे अरिस्टॉटलची एक विभागणी खूप कामाला येते. त्याने भाषणांचे तीन प्रकार केले. कोर्टातलं बोलणं झालेल्या गोष्टीबद्दल असतं, कोणी केलं, दोष कोणाचा. सभेतलं बोलणं पुढच्या गोष्टीबद्दल, काय करायचं, फायदा का तोटा. आणि गौरवाचं किंवा निंदेचं बोलणं मुख्यतः आत्ताबद्दल, सत्कार, निरोप समारंभ, श्रद्धांजली वगैरे. आपल्या मीटिंगा का फिस्कटतात माहितीये? विषय असतो पुढचा आणि बोलणं चालू असतं मागचं. गच्ची गळते, करायचं काय हा प्रश्न असतो आणि पाऊण तास जातो तो मागच्या कमिटीने वॉटरप्रूफिंगवाल्याला किती पैसे दिले ह्यात. अशा वेळी आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, “काका, त्या हिशेबाचा विषय वेगळा अजेंड्यावर घेऊ, जूनच्या आधी काय करायचं ते आत्ता ठरवू.” काळ बदलला की चर्चा बदलते, करून बघा.

पायरी २: आधी ऐका, आणि घरी जाऊन ऐका

सगळ्यात जास्त वेळ ह्या पायरीला द्या, मी तर म्हणेन एकूण तयारीतला अर्ध्याहून जास्त. कारण माणसाचं मत भर मीटिंगमध्ये फारसं बदलत नाही, चार लोकांसमोर एकदा “माझा विरोध आहे” म्हटलं की मग तो इज्जतीचा प्रश्न होतो, तेच मत आदल्या आठवड्यात त्यांच्या हॉलमध्ये चहा पिताना आरामात बदलू शकतं.

आपल्या २४ घरांचं बघा. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले एक काका असतील, त्यांना एकेक कागद तपासायची सवय, त्यांना आकडे हवेत आणि गॅरंटी लेखी हवी. वरच्या मजल्यावरची वहिनी, तिला सोलरशी काही देणंघेणं नाही, तिला फक्त स्लॅबला भोकं पाडली की आपल्या बेडरूममध्ये पाणी येईल ही भीती. नवीन जोडपं, फ्लॅटचा हप्ता चालू आहे, त्यांना एकदम वर्गणी नको. सेक्रेटरी, त्यांना ऑडिटमध्ये प्रश्न येतील ह्याची धास्ती. आणि दोन-तीन जण असे की ज्यांना कोणी विचारलंच नाही म्हणून ते विरोध करणार, त्यांना फक्त जाऊन विचारलं तरी पुरतं. खरंच पुरतं.

जाताना आपलं पटवायला जायचं नाही. “दादा, सोलरचं मनात आहे, तुम्हाला काय अडचण वाटते?” एवढं विचारायचं आणि वहीत लिहून घ्यायचं, त्यांच्याच शब्दांत. हे शब्द पुढे सोन्यासारखे उपयोगी पडतात, कारण मीटिंगमध्ये तुम्ही “वरच्या मजल्यावर ओल येईल ही काळजी आहे” असं वहिनींच्याच भाषेत बोललात की त्यांना कळतं, ह्याने ऐकलंय.

पायरी ३: माणूस, मन, मुद्दा

अरिस्टॉटलने पटण्याची तीन कारणं सांगितली, इथॉस, पॅथॉस आणि लोगॉस. बोलणारा कोण आहे आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा का, ऐकणाऱ्याच्या मनात काय हललं, आणि मुद्दा बुद्धीला पटतो का. तिन्ही लागतात. ही तिन्ही एका वाक्यात कशी बसतात ते बघायचं तर आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला जावं लागेल.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्याची बांधणी बघायची राहून जाते. जन्म आणि मरण, माणसाच्या आयुष्याची दोन टोकं समोरासमोर ठेवली, विरोधाची मांडणी म्हणतात ती ही. पण त्याच्या आत एक तर्क आहे: जन्म कुठे घ्यायचा हे माझ्या हातात नव्हतं, पुढचं मात्र आहे. हा झाला मुद्दा, आणि तो शाळेत न गेलेल्या माणसालाही एका झटक्यात समजतो. मन म्हणाल तर समोर बसलेल्या हजारो लोकांच्या रोजच्या अपमानाला त्या वाक्याने दार उघडून दिलं. आणि माणूस? दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो इथे वर्षानुवर्षं लावून धरला, लोकांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले, दार काही उघडलं नाही. एवढं सगळं मागे उभं होतं म्हणून ते वाक्य येवल्यात तसं पोचलं. तेच वाक्य १९३० च्या आधी कोणी बोललं असतं तर त्याला ते वजन आलं नसतं.

नवशिक्याने ह्यातून एक गोष्ट उचलायची, विश्वास भाषणात तयार होत नाही, तो आधी केलेल्या कामातून येतो. सोसायटीत वर्षभर मेंटेनन्स थकवणाऱ्याने सोलरवर कितीही छान बोललं तरी मत पडणार नाही. तुम्ही मागच्या उन्हाळ्यात टँकरचं काम अंगावर घेतलं असेल, गणपतीचा हिशेब वेळेवर लावला असेल, तर तुमचं साधं बोलणंही चालतं. आणि काहीच केलेलं नसेल तर ज्याने केलंय त्याला ठराव मांडायला सांगा, तुम्ही अनुमोदन द्या.

पायरी ४: पाच वाक्यांचा सांगाडा

इथे ग्रीक बाजूला ठेवतो, कारण आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, ह्यासाठी जे आहे ते मला शिकवायला जास्त सोपं जातं. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत अनुमान मांडायचे पाच अवयव सांगितलेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नेहमीचा दाखला असा. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. ह्या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून डोंगरावर आग आहे. वाचायला बाळबोध वाटतं पण आता सोलर घालून बघा.

प्रतिज्ञा: आपण कॉमन मीटरसाठी १० किलोवॉटचं सोलर बसवावं.

हेतू: कारण एक किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते, म्हणजे १० किलोवॉटला दिवसाला ४०, महिन्याला १२०० च्या आसपास, आणि आपलं कॉमन बिल धरा १२०० युनिटचंच आहे.

उदाहरण: ज्या सोसायट्यांनी हे केलं त्यांचं कॉमन बिल उतरलं, ही घ्या आपल्या मागच्या गल्लीतल्या सोसायटीची आधीची आणि नंतरची बिलं, त्यांच्या सेक्रेटरींना विचारून झेरॉक्स आणलीये.

उपनय: आपली गच्चीसुद्धा तशीच आहे, दक्षिणेला उंच बिल्डिंग नाही, टाकी सोडून एवढी जागा मोकळी आहे, मापं घेतलीत.

निगमन: म्हणून तीन कोटेशन मागवायचा ठराव करावा.

ह्या पाचांत लोक हमखास गाळतात ती गोष्ट म्हणजे उपनय. उदाहरण देतात आणि एकदम शेवटावर उडी मारतात, मग मागून कोणीतरी म्हणतो, “त्यांचं वेगळं आहे हो, त्यांची सोसायटी मोठी आहे,” आणि सगळं मुसळ केरात. उदाहरण आपल्याला कसं लागू पडतं हे स्वतःहून, मापं आणि फोटो दाखवून सांगा. पावसाळ्यात ढगाळ दिवसांत वीज कमी मिळते हेही इथेच सांगून टाका, वर्षभराची सरासरी धरून बोला. लपवलेली गोष्ट दुसऱ्याने काढली की पायरी ३ मधला विश्वास गेलाच म्हणून समजा.

पायरी ५: विरोधकाचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडा

आपल्या शास्त्रग्रंथांची ही फार सुंदर सवय आहे, आधी पूर्वपक्ष मांडायचा, समोरच्याचं म्हणणं पूर्ण ताकदीने, मग आपलं उत्तर. नवीन माणूस उलटं करतो, विरोधी मुद्दा निघूच नये म्हणून देवाला नवस बोलतो. तो निघणारच आहे, तर तुमच्या तोंडून निघू द्या.

“वरच्या मजल्याची काळजी बरोबर आहे. स्लॅबमध्ये ड्रिल मारलं तर वॉटरप्रूफिंग फुटू शकतं, आणि एकदा गळती लागली की त्रास फक्त वरच्या चार घरांना होतो, फायदा मात्र २४ घरांना. म्हणून ठरावातच लिहू की ड्रिल न मारता, काँक्रीटच्या वजनावर उभं राहणारं स्ट्रक्चर हवं, स्लॅब ते वजन पेलतो का आणि वाऱ्याला ते टिकतं का हे इंजिनिअरकडून लेखी घ्यायचं, आणि गळती झाली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने.”

बघा ह्यात काय झालं. त्रास थोड्यांना आणि फायदा सगळ्यांना हे वहिनींच्या मनातलं वाक्य, त्या स्वतः कदाचित इतकं नेमकं बोलल्या नसत्या. ते तुम्ही बोललात. आता त्यांना भांडायला उभं राहायची गरज उरली नाही, उलट बऱ्याचदा अशी माणसंच नंतर अनुमोदन देतात. आणि हे करताना मनापासून करा, त्यांचा मुद्दा दुबळा करून मांडून मग तो हाणून पाडणं हे लोकांना लगेच कळतं.

उत्तर नसेल एखाद्या हरकतीला, तर? तर ठराव बदला. पटवायला निघालेल्या माणसाला स्वतःलाही पटवून घेता आलं पाहिजे.

पायरी ६: शब्द

आता कुठे शब्द. पहिली दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची, त्यामुळे तिथेच थांबून जरा जवळून बघू. बहुतेक जण अशी सुरुवात लिहून आणतात:

“नमस्कार, आज संपूर्ण जग पर्यावरणाच्या भीषण संकटातून जात असताना एक जबाबदार नागरिक म्हणून अपारंपरिक ऊर्जेचा अवलंब करणे ही काळाची गरज आहे.”

ह्यात खोटं काही नाही, पण हे कोणालाही, कुठेही, कधीही म्हणता येईल, आणि म्हणून ऐकणाऱ्याचा हात मोबाइलकडे जातो. आता हे बघा:

“हे आपल्या कॉमन मीटरचं मे महिन्याचं बिल. १२०० युनिट. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिना आणि पार्किंगचे लाइट, बस एवढंच. हे आपण २४ घरं मिळून भरतो. आणि गच्ची दिवसभर उन्हात रिकामी असते.”

हातात कागद आहे. महिना ओळखीचा आहे, नाशिकचं मेचं ऊन सगळ्यांनी अंगावर घेतलंय. वाक्यं छोटी आहेत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे “म्हणून सोलर बसवा” हे अजून म्हटलेलंच नाही, ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप येतं. अरिस्टॉटल ह्या पद्धतीला फार मान देतो, तर्कातली एखादी कडी बोलणाऱ्याने मोकळी सोडायची आणि ऐकणाऱ्याने ती स्वतः भरायची. स्वतः भरलेली कडी माणूस सहसा नाकारत नाही.

आपल्याकडे ह्यातले उस्ताद म्हणजे गाडगेबाबा. नाशिकला त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली ते आपल्याला माहीत असतं, पण त्यांचं कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली प्रश्नोत्तरं असायची. उपदेशाची लांब वाक्यं नाहीत, साध्या बोलीत प्रश्न विचारायचे आणि हुंडा, कर्ज काढून केलेले सण, दारू ह्याबद्दलचं उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचं. जे उत्तर आपण स्वतः मोठ्याने दिलंय ते मोडायला जड जातं. मीटिंगमध्ये तुम्हीही विचारा ना, “मागच्या वर्षी कॉमन बिल किती भरलं आपण, कोणाला आठवतंय?” उत्तर येईपर्यंत थांबा. तीन सेकंद शांतता झाली तर होऊ द्या.

घोषणेचं वाक्य कसं असावं ह्यासाठी आणखी एक आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं उदाहरण. १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा-उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात मोठं आंदोलन केलं. त्यांची घोषणा, “भीक नको, हवे घामाचे दाम.” पाच शब्द. पहिले दोन शब्द हे उत्तर आहे, न विचारलेल्या आरोपाचं. शेतकरी सारखा सरकारकडे हात पसरतो असं शहरात बोललं जायचं, ते आधीच खोडून काढलं आणि मग मागणी ठेवली. म्हणजे पायरी ५ सुद्धा त्यात आहे. शिवाय घामाचे आणि दाम ह्यातला ‘म’ चा ठेका, चालता चालता म्हणता येतो. अलंकार असा वापरायचा, मुद्द्याच्या अंगातूनच आलेला. वरून चिकटवलेली चारोळी नको, आणि दर भाषणाला शेरोशायरीने सुरुवात तर अजिबात नको.

पायरी ७: प्रत्यक्ष बोलणं

ह्यावर फार लिहीत नाही कारण हे वाचून येत नाही. पूर्ण भाषण पाठ करू नका, कागदावर पाच शब्द लिहा, बिल, ४ युनिट, मागची गल्ली, गळती, तीन कोटेशन. घरात मोठ्याने बोलून बघा, मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदा ऐका, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. दोन माणसांकडे बघून बोला, एक तुमच्या बाजूचा आणि एक विरोधातला. तीन-चार मिनिटांत संपवा.

ऐकून शिकायला मात्र नाशिकसारखं गाव नाही. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते, उघड्यावर, मोफत, तिथे रोज वेगळा वक्ता ऐकायला मिळतो, वही घेऊन बसा आणि फक्त एवढंच टिपा की लोक कुठल्या वाक्याला सरसावून बसले आणि कुठे उठून गेले. पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला जा, वारकरी कीर्तन पूर्ण ऐका. एकच अभंग घेतात, त्याचा एकेक चरण सोडवतात, मध्ये दृष्टांत, मग पुन्हा त्याच चरणावर येतात, तो चरण तुम्हाला न शिकवता पाठ होतो. नारदीय कीर्तनाची रचना आणखी स्पष्ट आहे, पूर्वरंगात विषयाचं निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे आधी मुद्दा आणि मग त्याचीच गोष्ट. १८४० पासून चालू असलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे जुन्या भाषणांचे संग्रह वाचायला बसता येतं. आणि कोर्टाचं कामकाज साधारणपणे कोणालाही मागे शांत बसून ऐकता येतं, ते एकदा तरी ऐका, भूतकाळाबद्दल कसं बोलतात ते कळेल.

हीच विद्या आपल्यावर चालवली जाते तेव्हा

हे शिकायचं अर्धं कारण हे आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद, ज्यात दोघांनाही खरं काय ते शोधायचं असतं. जल्प, ज्यात कसंही करून जिंकायचं असतं. आणि वितंडा, ज्यात स्वतःचं काहीच मांडायचं नसतं, फक्त समोरच्याचं पाडायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर लिहायच्या आधी ह्यातलं काय चाललंय ते ओळखा, वितंडा असेल तर कितीही चांगला मुद्दा वाया जाणार आहे, तिथे लिहूच नका, त्या माणसाला प्रत्यक्ष भेटा.

प्लॉट विकणाऱ्याकडे साइट व्हिजिटला गेलात तर रेटरिकचा पूर्ण कोर्स फुकटात बघायला मिळतो. “आज टोकन दिलं नाही तर सोमवारी रेट वाढणार,” हे घाई करून विचार करायचा वेळ काढून घेणं. “तुमच्याच गावच्या चार जणांनी घेतलाय,” ही गर्दीची साक्ष. “एकतर आत्ता घ्या नाहीतर आयुष्यभर भाड्याने राहा,” मधले सगळे रस्ते बंद करून दोनच दाखवणं. ह्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, ह्या वाक्याने जमिनीबद्दल मला काही नवीन कळलं का? नाही कळलं तर सातबारा, एनए ऑर्डर आणि महारेराचा नंबर मागा आणि घरी येऊन तपासा. भावना हलवणं वाईट नाही, येवल्याच्या वाक्यानेही भावना हलवल्या, पण तिथे भावनेच्या खाली तर्क आणि वर्षानुवर्षांचा लढा होता. खाली काही आहे का तेवढं बघायचं. आणि आपण बोलतो तेव्हाही हीच चाळणी लावायची, आपली युक्ती समोरच्याला उघड करून सांगितली तरी तो नाराज होणार नाही, अशीच युक्ती वापरायची.

शेवटची पायरी: कागद

हौसिंग सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि नोटीस किमान १४ दिवस आधी निघते, म्हणून विषय त्याच्या आधी कमिटीला लेखी द्या, आयत्या वेळच्या विषयात असली गोष्ट घुसवू नका, लोकांना फसवल्यासारखं वाटतं. ठरावाचा मजकूर टाइप करून न्या, सूचक आणि अनुमोदक आधी ठरलेले असू द्या, शक्यतो दोघं वेगवेगळ्या गटातले. चर्चेत कोणी शब्द बदलायला सांगितला आणि त्याने मूळ गोष्ट बिघडत नसेल तर तिथल्या तिथे पेनाने बदला, सगळ्यांना वाचून दाखवा. ठराव मंजूर झाला तरी चार-पाच दिवसांनी इतिवृत्ताचा कच्चा मसुदा मागून घ्या आणि ड्रिल न मारण्याची अट, इंजिनिअरचा लेखी दाखला आणि तीन कोटेशन हे तिन्ही शब्दशः आलेत का ते बघा, आणि आले असतील तर वरच्या मजल्यावरच्या वहिनींना तो कागद स्वतः नेऊन दाखवा.